मनोऱ्यावरून पडणारी बाई

"पाण्याखालीसुद्धा जळत होतं, मॅडम! अकरा बादल्या ओतल्या मी. वर पाणी, खाली जाळ. असली आग उभ्या जन्मात बघितली नाही."

जुन्या सिनेमांच्या संग्रहाचा दरवान दारातच उभा होता. त्याच्या भुवया जळून गेल्या होत्या आणि हातातली पहार खाली ठेवायचं त्याला भान नव्हतं.

"दार तुम्हीच तोडलंत?"

"मीच. आतून कडी होती. आधी शिट्टीसारखा आवाज आला. मग दाराच्या फटीतून पिवळट धूर. सर आतून ओरडले. एकदाच."

राखवाली खोलीत शिरली. खरं नाव तिला होतं, पण वीस वर्षं राख चाळून आगीचं कारण शोधणाऱ्या या बाईला अग्निशमन दलात सगळे राखवालीच म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले. तिनं कधी मनावर घेतलं नाही.

खोली चार पावलं लांब, अडीच पावलं रुंद. खिडकी नाही. मधे टेबल, टेबलावर फिल्म बघायचं यंत्र. दोन बाजूंना दोन चाकं, मधे दिवा आणि भिंग. एका चाकावरून फिल्म निघायची, दिव्यासमोरून जायची आणि दुसऱ्या चाकावर गुंडाळली जायची. आता सगळ्यावर काजळी होती.

माणूस दाराशी पडलेला होता. एक हात कडीकडे. डॉक्टरांनी सांगितलं, भाजण्यानं नाही, विषारी वायूनं गेला. दोन-तीन मिनिटांत खेळ खलास.

मेलेला माणूस संग्रहाचा लाडका होता. बोलपट आल्यावर अडगळीत गेलेले मूकपट तो धुंडाळायचा. त्यातले तुकडे निवडायचा, उलटे फिरवायचा, एकच क्षण पुन्हापुन्हा दाखवायचा आणि त्यातून दहा-बारा मिनिटांचा नवाच सिनेमा उभा करायचा. देशोदेशीची बक्षिसं यायची. समोर त्याला 'सर' म्हणत, माघारी 'कात्री'.

"सिगारेट," फौजदार म्हणाला. त्याला सगळ्या गोष्टी सोप्या आवडत. "चिक्कार ओढायचा म्हणे."

दरवानानं खिशातून डबी काढली. सोबत लायटर. "हे माझ्यापाशी ठेवूनच सर आत जायचे. इथला नियमच आहे. आजही ठेवलं होतं."

फौजदाराचं तोंड एवढंसं झालं.

राखवालीनं गुडघे टेकले. राख तपकिरी, चिकट. आणि यंत्राच्या दुसऱ्या चाकापाशी, जिथं बघून झालेली फिल्म गुंडाळली जाते तिथं, हातभर लांब पट्टी. कडा वितळल्या होत्या, पण जळली नव्हती. तिच्यावर चित्र नव्हतं, नुसतीच काळी. काठावर बारीक अक्षरं होती : सेफ्टी. आणि मधे सुईनं कोरलेली फुली.

"हे बघा," ती म्हणाली. "फिल्म दोन जातींची असते. जुन्या मूकपटांची फिल्म म्हणजे निव्वळ बारूद. पेटली की पाण्यातही विझत नाही आणि विषारी वायू सोडते. नवी असते ती सेफ्टी. ती जळण्यापेक्षा वितळते. ही पट्टी नव्या जातीची आहे. बाकी रीळ मात्र जुन्या जातीचं होतं."

"एकाच रिळात दोन जाती?"

"कुणीतरी जोडल्याशिवाय होत नाहीत."

फौजदारानं टोपी काढली. "म्हणजे खून?"

राखवालीनं हातांची राख झटकली. पट्टी रुमालात गुंडाळली आणि उठली.

*

जुन्या फिल्म्सची कोठी इमारतीच्या पार टोकाला होती. जाड भिंती, लोखंडी दार. कोठीच्या बाई साठीला आलेल्या. त्या चाव्यांचा जुडगा कमरेला आणि सगळं जग संशयाच्या पिंजऱ्यात ठेवणाऱ्या होत्या.

"जुनी रिळं मी कुणाला देत नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "त्यालासुद्धा नाही. मी त्यांच्या सेफ्टीवर नकला करून देते, त्यांची काय ती चिरफाड करा म्हणावं."

"एखादं गेलं असेल?"

"मोजा."

मोजली. दोनशे चौदा. वहीत दोनशे चौदा. राखवालीनं डबे उघडायला लावले. एकही रिकामा नव्हता.

"तो तुम्हाला आवडायचा?"

"आवडायचा नाही," बाई म्हणाल्या. "पण माझ्या कोठीपासून दहा पावलांवर आग लावण्याइतकी मी खुळी नाही. ही दोनशे चौदा पोरं माझी आहेत."

त्याच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. तिचं टेबल शेजारच्या खोलीत. नवऱ्यानं आखायचं आणि हिनं कापून जोडायचं, अशी चौदा वर्षं. ती रडत नव्हती. कागदाच्या बोळ्याचे बारीक बारीक तुकडे करत होती.

"बक्षिसं त्यांच्या नावावर," ती म्हणाली. "बोटांना घट्टे माझ्या. तुम्हाला कुणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगते. गेल्या वर्षी माझं नाव पाटीवरून काढलं. तेव्हापासून आम्ही कामापुरतं बोलतो."

"आज सकाळी काही बोलणं झालं?"

"झालं. खुशीत होते. म्हणाले, आज मला सोनं मिळालंय. मी विचारलं, कुठून? तर म्हणाले, ते नाही सांगणार, वचन दिलंय. दुपारी जेवण झाल्यावर आत गेले आणि कडी लावली."

राखवालीनं पट्टी समोर ठेवली. वहिनी बघतच राहिली.

"ही फुली माझी आहे."

"म्हणजे?"

"आमच्या सिनेमाच्या प्रत्येक नकलेच्या तोंडाला मी अशी कोरी काळी पट्टी जोडते आणि सुईनं फुली काढते. सुरुवातीची खूण. ती दिसली की यंत्र सुरू करणारा आणि पियानो वाजवणारा एकाच क्षणी निघतात."

"नकला किती?"

"तीन. एक खेळाची, एक कोठीत, एक सरावाची."

"आणि अशी कोरी पट्टी तुमच्याकडे सुटी असते?"

वहिनीनं खण ओढला. आत कोऱ्या काळ्या पट्टीची पाच गुंडाळी होती. "हवी तेवढी."

राखवाली खणाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"त्या सिनेमात आहे तरी काय?"

"एक जुना राजारजवाड्यांचा मूकपट होता. त्यातले दोनच तुकडे घेतले. एकात राजा रडतो. ते उलटं फिरवलंय. दुसऱ्यात एक बाई मनोऱ्यावरून पडते. तेवढाच तुकडा, तोच, पुन्हापुन्हा. एकशे बारा वेळा." वहिनीनं कागदाचे तुकडे मुठीत घेतले. "आधी चाळीस वेळा होता. पहिल्या खेळानंतर काय त्यांच्या डोक्यात शिरलं कोण जाणे. एके दिवशी आले आणि म्हणाले, चाळीस पुरे नाहीत. का, ते सांगितलं नाही."

"आणि राजा कोण?"

"राजेच. आहेत अजून, मागच्या गल्लीत राहतात. जन्मभर राजाचीच कामं केली, म्हणून तेच नाव पडलं. पहिल्या खेळाला भर सभेत उभे राहून ओरडले होते, या माणसाला जिवंत जाळलं पाहिजे."

फौजदार दारातच होता. त्याचा चेहरा उजळला. "झालं की मग! जुनी फिल्म कोठीतली नाही, म्हणजे बाहेरची. चाळीस वर्षांपूर्वीचं रीळ घरात कोण ठेवणार? त्या काळचा नटच. संध्याकाळपर्यंत आत घेतो म्हाताऱ्याला."

"राजे आज इथं आले होते?" राखवालीनं दरवानाला विचारलं.

"महिनाभर फिरकले नाहीत. आज रोजचीच माणसं. कोठीच्या बाई, सर, वहिनी आणि पियानोवाले मास्तर."

"पाठवलं असेल कुणाच्या तरी हातून," फौजदार म्हणाला.

*

राजे दोन खोल्यांत एकटे राहत. पाठ अजून ताठ होती. त्यांनी पाहुण्यांना बसायला सांगितलं ते दाराच्या चौकटीकडे बघून. पाहुणे केव्हाच पुढे आले होते.

"म्हणालो होतो," ते म्हणाले. "जिवंत जाळा म्हणालो. मेला याचं मला दुःख नाही, हेही लिहून घ्या. माझं आयुष्यातलं सगळ्यात खरं रडणं होतं ते. त्यानं उलटं फिरवलं. आसवं गालावरून डोळ्यांत परत चढतात म्हणे. लोक खदाखदा हसले."

"म्हणे?" राखवालीनं विचारलं.

"मला कुठं दिसतंय, बाई! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत. दोन वर्षं झाली."

"मग मूकपट बघायला कशाला गेलात?" फौजदार म्हणाला.

"ऐकायला. लोकांचं हसू ऐकू येतं की."

राखवालीनं खुर्ची पुढे ओढली.

"आणखी काय ऐकलंत?"

"पियानो. छान वाजवतो तो मास्तर, हात हलका आहे. पण मधेच थांबला. दोन-अडीच मिनिटं अगदी चिडीचूप. शेजाऱ्याला विचारलं तर म्हणाला, बाई पडतेय. तेवढा वेळ नुसतं लोकांचं हसू. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ती शांतता म्हणजे काय प्रतिभा!"

"ती बाई कोण होती?"

राजांनी गुडघ्यावरचे हात आवळले. "नायिकेच्या ऐवजी पडणारी. आमच्या कॅमेरामनची बायको. कंबरेला दोर होता, खाली जाळं. दोर तुटला आणि ती जाळ्याच्या कडेवर पडली. कणा गेला. मालकांनी तोच तुकडा सिनेमात ठेवला, खरा वाटतो म्हणून. आणि आम्ही सगळे कानांवर हात ठेवून दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. मीसुद्धा."

"पुढे?"

"कॅमेरामननं काम सोडलं. कुठंसं फोटोचं दुकान टाकलं म्हणतात. तान्हं नाही, पण लहान पोर होतं त्यांना." त्यांनी मान फिरवली. "मला न्यायचं असेल तर न्या. जोडे तेवढे शोधून द्या."

फौजदार उठला. राखवालीनं त्याला हातानं बसवलं. "दोन तास द्या मला."

*

मास्तर छोट्या सभागृहात पियानोपाशी बसला होता. चाळिशी ओलांडलेला, सडपातळ, कपडे साधे पण इस्त्रीचे. समोर सुरावटीचे कागद नीट रचलेले, शेजारी चामडी पेटी.

"वाईट झालं," तो म्हणाला. आवाजात वाईट काही नव्हतं.

"तुमचं आणि त्यांचं कसं होतं?"

"ते दाखवायचे, मी वाजवायचो."

"संगीत घरातलंच का?"

"नाही हो. वडील दुकानात लोकांचे फोटो काढायचे. संगीत मी शेजारच्या बाईंकडे शिकलो. घरात फार शांतता होती, म्हणून."

"बाई पडायला लागली की तुम्ही वाजवायचं थांबवता?"

"पडण्याला कसली चाल लावणार?" मास्तरनं झाकणावरून बोट फिरवलं. "पहिल्यांदा पडताना तिनं हात पसरलेत, पाखरासारखे. तिथं काहीतरी सुचलं असतं. दुसऱ्यांदा मात्र छातीशी घट्ट धरलेत. त्यावर सूर बसत नाही."

राखवालीनं मान हलवली. "सरावाची नक्कल इथंच असते?"

"त्या कपाटात. किल्ली माझ्याकडे."

"पाहिलीत एवढ्यात?"

"आठवडाभर नाही."

ती उठली आणि वहिनीकडे गेली. "मला सिनेमा दाखवा. खेळाची नक्कल लावा."

दोघी अंधारात बसल्या. राजाची आसवं डोळ्यांत चढली. मग मनोरा आला. कठड्यावर एक बाई, पाठमोरी. ती वळायच्या आधीच पडते. हात छातीशी. पुन्हा कठडा. पुन्हा पडते. हात छातीशी. विसाव्या वेळी राखवालीला हसू आलं, आणि त्या हसण्याची तिला लाज वाटली. पन्नासाव्या वेळी तिला ओरडून यंत्र बंद करावंसं वाटलं. पण तिनं शेवटपर्यंत मोजलं.

"सगळे एकशे बारा सारखेच?"

"तोच एक तुकडा आहे, मॅडम. सारखेच असणार."

"मूळ मूकपटात ती आणखी कुठं दिसते?"

"कुठंच नाही. एवढीच."

राखवाली उठली. "सगळ्यांना छोट्या सभागृहात बोलवा," ती म्हणाली. "आणि तिन्ही नकला घेऊन या. सरावाच्या कपाटाची किल्ली मास्तरकडून मी घेते."

*

राजांना फौजदारानं हात धरून आणलं होतं. कोठीच्या बाई पहिल्या रांगेत, पाय जुळवून. दरवान दारापाशी. मास्तर आपल्या जागेवर, पियानोच्या बाकावर. वहिनी टेबलाशी तीन डबे घेऊन उभी.

"आज दुपारी कोण कुठं होतं ते मी विचारणार नाही," राखवालीनं सुरुवात केली. "त्याला अर्थ नाही. मारणाऱ्याला तिथं असायची गरजच नव्हती. रीळ हातात दिलं की त्याचं काम संपलं. पुढचं सगळं मेलेल्यानं स्वतःच केलं. कडी लावली, रीळ चढवलं. वहिनी, ते काम कसं करायचे?"

"चालवत चालवत बघायचे. एखादं चित्र आवडलं की यंत्र थांबवायचे आणि बघत बसायचे. पाच पाच मिनिटं."

"तापलेल्या दिव्यासमोर सेफ्टी फिल्म थांबली तर फार तर वाकडी होते. जुनी थांबली तर पेटते. ही त्याची सवय मारणाऱ्याला ठाऊक होती. पण मेलेला माणूस काही नवशिका नव्हता, रीळ हातात आलं की पहिल्यांदा काठ बघणार. म्हणून तोंडाला सेफ्टीची हातभर पट्टी जोडली. त्यानं काठ बघितला, अक्षरं वाचली आणि निर्धास्त झाला. रीळ पुढे सरकलं तशी ती पट्टी दिव्यापासून दूर गेली. म्हणून वाचली."

राखवालीनं रुमालातली पट्टी टेबलावर ठेवली.

"आता रीळ कुणाचं? कोठीतलं एकही गेलेलं नाही. राजांकडे असू शकतं. पण त्यांना समोरचा माणूस दिसत नाही. नखाएवढ्या फिल्मची टोकं खरवडून ते एकाला एक काय जोडणार?"

फौजदारानं राजांचा हात हळूच सोडला.

"पट्टीवरची फुली वहिनींची. त्यांना जोडता येतं, आणि राग होता हे त्यांनीच सांगितलं. पण त्यांच्या खणात कोऱ्या पट्टीची पाच गुंडाळी आहेत, बिनखुणेची. ती सोडून त्या स्वतःच्या हातची खूण असलेला तुकडा कशाला वापरतील? ज्याच्याकडे कोरी पट्टी नव्हती आणि मागायची सोय नव्हती, त्यानंच तो तुकडा एका नकलेच्या तोंडाचा कापला. वहिनी, डबे उघडा."

पहिला डबा खेळाचा. काळी पट्टी, फुली. दुसरा कोठीचा. काळी पट्टी, फुली. तिसऱ्या डब्यातलं रीळ वहिनीनं दिव्यापुढे धरलं. पहिल्याच चौकटीत राजा रडत होता. पट्टी नव्हती.

"सरावाची," वहिनी पुटपुटली.

सगळ्यांच्या माना पियानोकडे वळल्या. मास्तर कागदांच्या कडा जुळवत होता.

"कपाटाची किल्ली एकच, आणि ती तुमच्याकडे," राखवाली म्हणाली. "पण तेवढ्यावर मी बोट दाखवलं नसतं. मास्तर, तुम्ही मला म्हणालात, पहिल्यांदा पडताना तिनं हात पसरलेत, दुसऱ्यांदा छातीशी धरलेत. मी एकशे बारा वेळा बघितलं. हात छातीशीच आहेत. तुकडा एकच, तो वेगळा दिसणार कसा? ती दोनदा पडली होती. पहिल्यांदा पडली ते सिनेमात घेतलंच नाही. ते फक्त कॅमेरामनपाशी राहिलेल्या रिळात होतं. आणि त्या कॅमेरामननं पुढे फोटोचं दुकान टाकलं."

राजे उभे राहिले. "तू... तू ते पोर?"

मास्तरनं त्यांच्याकडे बघितलं. "तीन वर्षांचा होतो. तुम्ही मला घोड्यावर बसवलं होतं. वडील सांगायचे. नंतर अकरा वर्षं आई अंथरुणावर होती, राजे. तेवढ्या वर्षांत तुम्ही एकदाही आला नाहीत."

राजे खाली बसले.

"कबूल आहे?" फौजदारानं विचारलं.

"कबूल करायला मी काय नाकारलंय?" मास्तर शांतपणे म्हणाला. "पहिल्या खेळाला मला काही ठाऊक नव्हतं. पडदा उजळला आणि आई पडली. लोक हसले. पुन्हा पडली. मी हात मांडीवर ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेलो. सगळं सांगितलं, हात जोडले. म्हटलं, बाकी काय हवं ते करा, एवढं काढून टाका. तर त्याचे डोळे चमकले. म्हणाला, म्हणजे हे पडणं खरं आहे? आणि चाळीसाचे एकशे बारा केले."

वहिनीनं तोंडावर हात धरला.

"मग नोकरी का नाही सोडलीत?" कोठीच्या बाईंनी विचारलं.

"मी सोडली असती तर दुसऱ्या कुणी तिथं धांगडधिंगा वाजवला असता." त्यानं कागद पेटीत ठेवले. "सहा महिने डूख धरून बसलो होतो. तरी कदाचित काही केलं नसतं. पण मागच्या आठवड्यात तो आपणहून आला. म्हणाला, तुझे वडील कॅमेरामन होते, घरात काही राहिलं असेल, दोर तुटायच्या आधीचं, नंतरचं. दे मला, तुझ्या आईला अमर करतो. म्हटलं, देतो. नवी नक्कल करून देतो, पण कुणाला सांगू नका. आज सकाळी पेटीतून आणलं. त्यानं माझा खांदा थोपटला."

"तो थांबला नसता तर पेटलंच नसतं," राखवाली म्हणाली.

"नसतं. नुसतं बघून गेला असता तर वाचला असता. मी फक्त रीळ दिलं, मॅडम. थांबला तो."

फौजदार पुढे आला. मास्तर उठला. पियानोचं झाकण लावलं, बाक आत सरकवलं. दारापाशी मात्र त्याचे पाय अडखळले.

"त्या रिळात पडण्याच्या आधीचंही होतं," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "ती अंगणातून चालत येते, वडिलांशी काहीतरी बोलते, मनोऱ्याच्या पायऱ्या चढते. पहिल्या खेपेला तिचा चेहरा दिसला, म्हणून तिला पुन्हा चढायला लावलं. मी उजेडाला धरून एकेक चौकट बघितलीय. पण यंत्रात कधी घातलं नाही. फिल्म इतकी सुकली होती की एकदाच चाललं असतं, मग फाटलं असतं. एकदाच चालेल एवढाच जीव होता तिच्यात."

"पश्चात्ताप होतोय?" राखवालीनं विचारलं.

"त्याचा नाही. तो पुन्हा जिवंत झाला तर पुन्हा देईन." त्याचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "पण माझ्या आठवणीतली आई पडूनच आहे. तिला चालताना मी कधीच बघितलं नाही. आज दुपारी ती चालली, आणि बघायला तो होता."